मुंबईत जुनी स्पोर्ट्स कार घेताना विसार देण्याआधी काय काय तपासायचं

मुंबईत स्पोर्ट्स कार पळून खराब होत नाही, उभी राहून होते. सिग्नलला उभी, बेसमेंटमध्ये उभी, समुद्राच्या खाऱ्या हवेत उभी आणि एखाद्या जुलैत गुडघाभर पाण्यात उभी. म्हणून ‘साहेब फक्त रविवारी काढायचे, नऊ वर्षांत आठ हजार किलोमीटर’ असं विकणारा सांगू लागला की खूश होऊ नका. खरी तपासणी तिथूनच सुरू करायची.

या आठ हजारांचा हिशोब करून बघा. मुंबईच्या रहदारीत सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरला तर इंजिन सुमारे ५३० तास चाललेलं आहे. तेवढ्याच तासांत ताशी ६० ने चालणाऱ्या गाडीचे ३२ हजार किलोमीटर झाले असते. म्हणजे मीटर आठ हजार दाखवतो, पण इंजिनाचं, क्लचचं आणि कूलिंग फॅनचं वय त्याच्या चौपट असू शकतं. रबर तर किलोमीटर मोजतच नाही. होस पाइप, सस्पेन्शनचे बुश, पट्टे, दरवाज्यांची सील ही सगळी कॅलेंडरप्रमाणे म्हातारी होतात. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. टाकीतलं पेट्रोल महिनोन् महिने पडून राहिलं की त्यातलं इथेनॉल पाणी धरतं आणि फ्युएल पंप खराब होतो. दर वर्षी सर्व्हिस झालेली, ३५ हजार चाललेली गाडी समोर असेल तर आम्ही डोळे मिटून तिला त्या आठ हजारवालीच्या वर ठेवू.

आधी कागद

गाडी बघायला जाण्यापूर्वी आरसीचा फोटो मागवा आणि परिवहनच्या वेबसाइटवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघा. मालक कितवा, नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, पीयूसी आणि बँकेचा बोजा, सगळं पाच मिनिटांत कळतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. थकलेली ई-चलनंही त्याच वेळी तपासा. वेगाची चलनं भरपूर असतील तर पैसे विकणाऱ्याकडून भरून घेता येतात, पण गाडी कशी चालवली गेली याचा तो लेखी पुरावाही असतो.

एमएच ०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई. यांपैकी पासिंग असेल तर ट्रान्सफर सोपी. पण महागड्या गाड्यांमध्ये पुदुच्चेरीचं पीवाय, दमणचं डीडी किंवा झारखंडचं जेएच पासिंग बरंच दिसतं. तिथे कर कमी पडायचा, हे त्याचं कारण. अशी गाडी स्वस्त वाटते. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणून, महाराष्ट्राचा कर भरून इथला नंबर घ्यावा लागतो. या किमतीच्या गाडीवर तो कर लाखांत जातो. तो आकडा आरटीओतून काढून आणा आणि भावातून वजा करा. ‘चालतं हो, कुणी पकडत नाही’ हे उत्तर ऐकून घ्यायचं नाही, कारण पकडलं तर तुम्हाला पकडतील, त्यांना नाही.

आयात केलेली गाडी असेल तर कस्टमचं बिल ऑफ एन्ट्री मागा आणि त्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. कार्ने या कस्टमच्या कागदावर तात्पुरती आणलेली गाडी इथे विकताच येत नाही. ती ठरलेल्या मुदतीत देशाबाहेर परत न्यावी लागते. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर संचालक मंडळाचा ठराव आणि फॉर्म २९-३० वर कंपनीचा शिक्का लागतो.

चासी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि तो तीन ठिकाणी पाहायचा: काचेखाली डॅशबोर्डच्या कोपऱ्यात, दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरवर आणि बॉडीवर ठोकलेला. पोर्शेच्या स्पोर्ट्स कारचा नंबर डब्ल्यूपी० ने सुरू होतो, बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांचा डब्ल्यूबीएस ने, ऑडी टीटीचा टीआरयू ने, कारण टीटी हंगेरीत जुळायची. ठोकलेल्या अक्षरांच्या आजूबाजूला ग्राइंडरच्या रेघा किंवा वेगळ्या छटेचा रंग दिसला तर पुढची तपासणी थांबवून निघून या.

विम्याची जुनी पॉलिसी मागणारे फार कमी, पण ती बरंच सांगून जाते. नो क्लेम बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के होतो. पाच वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीचा बोनस शून्य असेल तर बहुधा अलीकडेच क्लेम झालाय. कशाचा, ते विचारा आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट बघायला मागा. उलट बोनस ५० आहे म्हणून गाडी निर्दोष, असंही नाही. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, तो दुसऱ्या गाडीवरून आणता येतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. अशा गाड्या भंगाराच्या भावात उचलून, चकाचक करून पुन्हा बाजारात येतात.

पाणी

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढ्या पावसाची वाट पाहायची गरज नाही. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, सायन-कुर्ल्याचा सखल भाग इथे नेहमीच्या जोरदार सरीतही जमिनीपासून वीतभर उंचीची गाडी पाण्यात बसते. बेसमेंट पार्किंगमध्ये तर गाडी न हलताही बुडते. मुंबईबाहेरच्या गाड्यांचंही हेच आहे. २०१५ च्या डिसेंबरात आणि २०२३ च्या डिसेंबरात चेन्नई, २०१८ च्या ऑगस्टमध्ये केरळ पाण्याखाली होतं. सर्व्हिसच्या नोंदींत या तारखांच्या आगेमागे मोठी बिलं किंवा चार-सहा महिन्यांची पोकळी दिसते का, ते पाहा.

पाण्यात गेलेली गाडी लपवली का जाते, हेही समजून घ्या. पेट्रोल इंजिनाने एअर इनटेकमधून पाणी ओढलं की पिस्टन पाण्यावर आदळतो, कारण पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर नसेल तर विमा कंपनी हे नुकसान सहसा देत नाही. मग मालक गाडी टो करून आणतो, प्लग काढून पाणी बाहेर काढतो, ऑइल बदलतो आणि गाडी सुरू होते. थोडासा वाकलेला रॉड घेऊन ती काही हजार किलोमीटर चालतेही. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मात्र बाकीच्यांपेक्षा कमी येतं, कारण पिस्टन पूर्ण वरपर्यंत पोचत नाही.

सीट बेल्टपासून सुरुवात करा. बेल्ट ओढा, अगदी शेवटपर्यंत, रीळ रिकामं होईपर्यंत. रोजच्या वापरात बेल्टचा शेवटचा हातभर भाग कधीच बाहेर येत नाही, म्हणून धुणाऱ्यांचा हात तिथे पोचत नाही. त्या भागावर आडवी तपकिरी रेघ, चिखलाची पूड किंवा कडकपणा लागला तर पाणी तेवढ्या उंचीपर्यंत आलं होतं. मग सीट पूर्ण मागे घ्या, पुढून खाली हात घाला, कार्पेटची कड उचला आणि खालचा फोम मुठीत दाबा. वरून कोरडं कार्पेट खाली आठवडे ओलं राहतं. सीटच्या रुळांचे बोल्ट, पेडलच्या वरच्या कंसाची स्प्रिंग, सीटखालच्या वायरिंगच्या प्लगमधल्या पिना, सगळीकडे टॉर्च मारा. पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड म्हणजे तांबं खाल्लं गेलंय. आज गाडी उत्तम चालेल आणि सहा महिन्यांनी एकेक मॉड्यूल जायला लागेल. त्यावर इलाज नाही, अख्खं वायरिंग हार्नेस बदलावं लागतं. आत अत्तराचा भपका असेल तर सगळ्या काचा बंद करून, एसी फक्त पायाकडे लावून दहा मिनिटं बसा. कुबट वास तेव्हा वर येतो.

सॉफ्ट टॉप गाड्यांना पाणी वरूनही मारतं. पोर्शे बॉक्स्टरच्या छताच्या दोन्ही कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्याची भोकं असतात. पानं, धूळ अडकून ती बुजली की पाणी केबिनमध्ये उतरतं, आणि ९८६ आणि ९८७ या पहिल्या दोन पिढ्यांच्या बॉक्स्टरमध्ये इमोबिलायझरचं (चावी ओळखणारं) मॉड्यूल नेमकं सीटखाली, गाडीच्या सगळ्यात सखल जागी आहे. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही. छत अर्धं उघडा, बाटलीने अर्धा लिटर पाणी हळूहळू त्या भोकात सोडा आणि ते मागच्या चाकाच्या पुढे खाली पडतंय का बघा. ओतलेलं सगळं पाणी जमिनीवर दिसायला हवं. बीएमडब्ल्यू झेड४ च्या पहिल्या पिढीत, म्हणजे ई८५ मध्ये, छताची हायड्रॉलिक मोटर अशाच निचऱ्याच्या खळग्यात बसवलेली आहे आणि तशीच भिजून मरते. छत इंजिन चालू ठेवून तीनदा पूर्ण उघडा-बंद करा. पहिल्यांदा सगळीच छतं चालतात.

थंड इंजिन

सकाळी लवकर जा. मालकाला ‘मी येईपर्यंत गाडी चालू करू नका’ असं सांगून ठेवा आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या. गरम इंजिन निम्मे दोष लपवतं.

सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं व्होल्टेज मोजा, १२.४ ते १२.७ हवं. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५. इग्निशन ऑन केलं की डॅशवरचे सगळे दिवे लागून काही सेकंदांनी विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा अजिबात लागला नाही, तर ते चांगलं लक्षण नाही, तो काढून टाकलाय, म्हणजे एअरबॅग उघडून गेलेली असू शकते.

आता एकजण मागे उभा राहा, एकजण इंजिनापाशी. पहिल्या दोन-तीन सेकंदांचा खडखडाट टायमिंग चेनच्या टेन्शनरचा. ऑइलचा दाब आला की तो जातो, म्हणून गरम इंजिनात ऐकूच येत नाही. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण इथे घाई नको: पोर्शेच्या आडव्या सहा सिलिंडरच्या इंजिनात गाडी काही दिवस उभी असेल तर सुरू होताना निळ्या धुराचा एक झोत येणं नेहमीचं आहे. तो अर्ध्या मिनिटात थांबायला हवा. खरी परीक्षा नंतर घ्या. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर पाच मिनिटं आयडलवर ठेवा आणि मग ॲक्सिलरेटर झटक्यात दाबा. तेव्हा निळा ढग आला तर व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोची सील गेलीत.

कूलंटची टाकी थंड असतानाच उघडा. आत साधं पाणी असेल तर मालकाने पैसे वाचवलेत आणि ॲल्युमिनियमचे भाग आतून खाल्ले गेलेत. तपकिरी साय दिसली तर ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळतंय, आणि ती गाडी घेऊ नये.

कोणत्या गाडीत काय जातं

पोर्शेमध्ये २००८ पर्यंतच्या ९८६, ९८७, ९९६ आणि ९९७ (शेवटच्या दोन ९११ च्या पिढ्या) वर आयएमएस बेअरिंगचा प्रश्न येतो. इंजिनातल्या मधल्या शाफ्टचं हे बेअरिंग तुटलं की टायमिंग जातं आणि इंजिन संपतं. बदललं असेल तर बिल बघा. २००६ नंतरच्या इंजिनांत हे बेअरिंग मोठं आहे, ते कमी तुटतं, पण इंजिन उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नवी इंजिनं आली आणि त्यांत हा शाफ्टच नाही. टर्बो आणि जीटी३ ची इंजिनं त्या काळातही वेगळी होती, त्यांना हा त्रास नाही.

आमच्या मते त्याहून जास्त काळजी सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे येण्याची करावी. ३.४ लिटरच्या ९८७ एस आणि ३.६, ३.८ लिटरच्या ९९७ मध्ये हे होतं. गरम झाल्यावर आयडलला टक-टक असा, हायड्रॉलिक टॅपेटसारखा आवाज येतो. ९११ च्या दोन्ही बाजूंच्या एक्झॉस्टच्या आत बोट फिरवून बघा. एका बाजूची काजळी कोरडी-करडी आणि दुसऱ्या बाजूची काळी-तेलकट असेल तर संशय पक्का. मग प्लग काढून बोअरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, आत घालायचा, सहा नंबरचा सिलिंडर आधी. याशिवाय या गाडीचा सौदा करू नये. इंजिन पुन्हा बांधायचा खर्च गाडीच्या किमतीच्या मोठ्या हिश्श्याएवढा येतो.

बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय मध्ये एन५४ इंजिन आहे, दोन टर्बोंचं. हाय प्रेशर फ्युएल पंप, टर्बोच्या वेस्टगेट झडपेचा खुळखुळाट, इलेक्ट्रिक वॉटर पंप आणि ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट या त्याच्या चार जागा. गॅस्केटकडे लहान गळती म्हणून दुर्लक्ष होतं. पण ते ऑइल खालच्या पट्ट्यावर पडतं, पट्टा फुगून सुटतो आणि त्याचे धागे क्रँकच्या सीलमधून इंजिनात ओढले जातात. हजारांचं काम लाखांवर जातं ते असं. एम३, एम४ आणि एम२ कॉम्पिटिशनच्या एस५५ इंजिनात क्रँक हब घसरण्याचा धोका असतो, विशेषतः रिमॅप केलेल्या, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाड्यांत. त्याआधीच्या व्ही८ एम३ मध्ये कनेक्टिंग रॉडची बेअरिंग बदलली आहेत का, हे पहिलं विचारा.

ऑडी टीटीच्या सहा गिअरच्या एस ट्रॉनिक या दोन क्लचच्या गिअरबॉक्समध्ये दर ६० हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलायचं असतं. नोंद नसेल तर बदललेलं नाही असंच धरा. २.० टीएफएसआयच्या दुसऱ्या पिढीतल्या इंजिनांना ऑइल पिण्याची आणि टेन्शनर जाण्याची खोड आहे. आर८ च्या ४.२ व्ही८ मध्ये इनटेक व्हॉल्व्हवर कार्बन साचतो. मॅग्नेटिक शॉक ॲब्सॉर्बर गळतात, ते चाकाच्या आत टॉर्च मारून बघायचे. पहिल्या पिढीतला आर ट्रॉनिक गिअरबॉक्स एका क्लचचा आहे आणि मुंबईच्या सरकत्या रहदारीत तो क्लच फार लवकर झिजतो. आर८ आवडत असेल तर एस ट्रॉनिकवाली किंवा मॅन्युअल शोधा, थोडं थांबावं लागलं तरी.

स्कॅनर

कोपऱ्यावरच्या गॅरेजातला साधा ओबीडी स्कॅनर इंजिनापुरता बोलतो. त्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेल्याकडेच गाडी न्या. एरर कोड नाहीत यावर समाधान मानू नका, ‘रेडिनेस’ची यादी बघा. कोड नुकतेच पुसले असतील तर कॅटलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर यांच्या चाचण्या अपूर्ण दिसतात. अशा वेळी गाडी दोन-तीन दिवस चालवून पुन्हा लावायला सांगा.

मीटर मागे केला असेल तर तो इथेच सापडतो. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नसतात. गिअरबॉक्स, एबीएस, काही बीएमडब्ल्यूंच्या चावीतसुद्धा ते लिहिलेले असतात, आणि सगळीकडे खोटं लिहायला फार जण बसत नाहीत. पोर्शेच्या रिपोर्टमध्ये इंजिनाचे तासही मिळतात. किलोमीटरला तासांनी भागा. मुंबईच्या गाडीला १५ ते ३० येणं समजण्यासारखं आहे. ९ किंवा १० आलं तर मीटर फिरवलेला असण्याची शक्यता मोठी. त्याच रिपोर्टमध्ये इंजिन लाल रेषेपलीकडे किती वेळा आणि किती तासांवर गेलं, तेही नोंदलेलं असतं. मॅन्युअल गाडीत सर्वांत वरच्या टप्प्यातली नोंद म्हणजे कुणीतरी चौथ्याऐवजी दुसरा गिअर टाकलाय. ती नोंद ताजी असेल तर गाडी सोडा. जुनी असेल आणि त्यानंतर शंभरेक तास गाडी व्यवस्थित चालली असेल तर कॉम्प्रेशन बघून ठरवा. सिलिंडरांमधला फरक १० टक्क्यांच्या आत हवा. लीक-डाउनमध्ये, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून घेतलेल्या चाचणीत, २० टक्क्यांवर गळती म्हणजे इंजिन उघडायला आलंय.

लिफ्टवर

गाडी वर घेतल्याशिवाय सौदा नाही. खालचे प्लॅस्टिकचे पत्रे उतरवायला लावा. स्पीड ब्रेकरवर घासल्याच्या खुणा प्रत्येक गाडीला असतात, त्याचं काही नाही. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी), एक्झॉस्टचे जोड आणि रेडिएटरचे कोपरे मात्र शाबूत हवेत. पोर्शेचे रेडिएटर आणि एसीचे कंडेन्सर पुढच्या बंपरच्या दोन तोंडांत असतात. तिथे पानं, प्लॅस्टिक पिशव्या आणि ओला कचरा साचतो, त्यावर वरळी-वर्सोव्याची खारी हवा, आणि ॲल्युमिनियमचे पापुद्रे हाताला पिठासारखे लागतात. एसी थंड करत नाही याचं कारण बऱ्याचदा नुसता गॅस संपणं नसून हे असतं. गॅस भरून विकलेली गाडी महिनाभरात पुन्हा गरम हवा फेकते.

रिम बाहेरून चमकते, खड्ड्याने वाकते आतून. चाक हाताने फिरवा आणि आतली कड एका स्थिर वस्तूजवळून जाताना लहरते का बघा. मग आतल्या पृष्ठभागावर बोटं फिरवा. वेल्डिंगचा उंचवटा रंगाखालीही जाणवतो. तडा भरून काढलेली रिम वेगात पुन्हा तडकते, ती बदलावीच लागते.

टायरवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचे टायर नक्षी भरगच्च असली तरी बदलायचे. कायद्याने १.६ मिलिमीटर चालतं, पण मुंबईच्या पावसात २९५ रुंदीचा टायर ३ मिलिमीटरखाली गेला की पाण्यावर तरंगतो. पोर्शेसाठी मंजूर टायरवर एन०, एन१ अशी खूण असते, बीएमडब्ल्यूच्या टायरवर तारा. चारी चाकं ओढणाऱ्या गाडीत पुढे-मागे वेगळ्या कंपनीचे किंवा कमी-जास्त झिजलेले टायर असतील तर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी ट्रान्सफर केस सतत ताणाखाली राहते. आणि लॉकिंग व्हील नटची चावी डिकीत आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. ती हरवली असेल तर पंक्चरच्या दिवशी चाक निघणार नाही.

ब्रेक डिस्कच्या कडेला नखाने चाचपा. नख अडकेल असा उंचवटा असेल तर जाडी मोजा, किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. कार्बन-सिरॅमिक ब्रेक सांगितले असतील तर फक्त पिवळ्या कॅलिपरवर जाऊ नका, रंग कुणीही मारतो. गाडी संध्याकाळी धुऊन घ्या आणि सकाळी बघा. आपल्या दमट हवेत लोखंडी डिस्कवर रात्रीत नारिंगी गंज चढतो, सिरॅमिकवर चढत नाही. सिरॅमिक डिस्कची झीज वजनावरून ठरते आणि कडेचा मोठा टवका उडाला असेल तरी ती बाद. चार डिस्कचा खर्च ऐकून अनेकजण गाडीच विकतात, ती घेणारे पुढचे तुम्ही होऊ नका.

रंग आणि धडक

रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर भाड्याने आणा. कारखान्यातला रंग साधारण ९० ते १६० मायक्रॉन भरतो. २०० वर म्हणजे पुन्हा रंगवलंय, ४००-५०० वर म्हणजे खाली पुटी आहे. एखादा बंपर किंवा दरवाजा रंगवलेला असणं मुंबईत अटळ आहे, त्यावर सौदा मोडू नका. छप्पर, खांब आणि बॉनेटखालच्या चेसिसच्या कडा मूळ हव्यात. टीटीच्या दुसऱ्या पिढीत पुढचा भाग ॲल्युमिनियमचा आहे, आर८ तर जवळपास पूर्ण. त्यासाठी ॲल्युमिनियम वाचणारा मीटर लागतो, आणि ठोकून सरळ केलेलं ॲल्युमिनियम पूर्वीसारखं राहत नाही. सगळ्या काचांवरचे छाप बघा. एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का फुटली, ते विचारा.

रस्त्यावर

कोस्टल रोडवर आणि सी लिंकवर सगळ्याच गाड्या छान चालतात. तिथे जा, ब्रेक सोडून गाडी एका बाजूला ओढते का, ८० ला स्टिअरिंग थरथरतं का ते बघा. पण निम्मा वेळ गर्दीसाठी ठेवा. संध्याकाळी सहानंतर वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर किंवा सायन सर्कलला एसी पूर्ण लावून पाऊण तास रांगेत काढा. तापमानाचा काटा मध्यावरून हलता कामा नये, एसी उभ्या गाडीत गार राहिला पाहिजे, फॅन वाढताना खरखर नको. गाडी बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करा. गरम इंजिन सुरू व्हायला वेळ घेत असेल तर फ्युएल पंप किंवा क्रँक सेन्सर थकलाय.

दोन क्लचच्या गिअरबॉक्सची परीक्षा मॉलच्या बेसमेंटच्या चढावर. ब्रेक सोडून पावलापावलाने चढवा. धक्के, कंप किंवा जळका वास आला तर क्लच संपत आलाय. मॅन्युअलमध्ये चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. रिव्हर्सही चार-पाच वेळा टाका, तिथले दोष लोक तपासत नाहीत.

रिमॅप किंवा मोठा सायलेन्सर असेल तर मूळ भाग सोबत मिळतायत का ते विचारा. आरसीत नसलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, विम्याच्या क्लेमलाही आड येतो.

सौदा ठरण्याआधी

स्वतःची पार्किंग मोजा. हे शेवटी लिहितोय, पण खरं तर पहिल्या दिवशी करायचं. स्टॅक पार्किंगच्या पाळण्याची रुंदी दोन्ही कठड्यांच्या मधून घ्या. दुसऱ्या पिढीतली आर८ आरशांशिवाय सुमारे १.९४ मीटर रुंद आहे. सोसायटीच्या रॅम्पला जिथे चढ सपाटीला मिळतो तिथे लांब नाकाची गाडी टेकते, म्हणून विसार देण्यापूर्वी तीच गाडी एकदा तिथे चढवून बघा. बेसमेंटमध्ये पाणी किती चढतं, वॉचमनला विचारा.

पैसे बँकेतून द्या, पावतीवर तारीख आणि वेळ लिहून घ्या. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० समोर बसून सही करून घ्या, दोन्ही चाव्या मोजून घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायचा. त्यात चूक झाली तर थर्ड पार्टी कव्हर चालू राहतं, पण तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

ताबा मिळाल्यावर पहिल्या आठवड्यात, कागद काहीही सांगोत, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे फिल्टर बदला. काढलेला ऑइल फिल्टर टाकू देऊ नका. त्याचा कागद कापून, उघडून, उन्हात धरून बघा. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, न चिकटणारे चमकदार कण बेअरिंगचे किंवा ॲल्युमिनियमचे. फिल्टर स्वच्छ निघाला तर हजार किलोमीटरनंतर पुन्हा एकदा असाच कापून बघा.